खोगिरातली भरती

‘खोगीरभरती’ हा शब्द माझ्या अंगावर आला तो एका संपादकांच्या हस्ताक्षरात. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला पाठवलेल्या माझ्या लेखाची चार पाने त्यांनी आडवी रेघ मारून कापली होती आणि समासात तांबड्या शाईने एवढा एकच शब्द लिहिला होता. मी रागावलो, पण अर्थ विचारायची गरज पडली नाही. मराठी वाचणाऱ्या कोणालाच ती पडत नाही. जागा भरण्यासाठी कोंबलेला निरुपयोगी ऐवज म्हणजे खोगीरभरती. पु. ल. देशपांड्यांनी तर आपल्या एका पुस्तकाला हेच नाव देऊन टीकाकारांच्या हातातले आयते हत्यार काढून घेतले. खोगिरात काय, वाटेल ते कोंबतात. चिंध्या, गवत, लोकर, जुनी रजई. म्हणून भरती म्हणजे टाकाऊ. मीही हे इतकी वर्षे बिनतक्रार मानत आलो. गेल्या दोन वर्षांत मात्र या शब्दाने माझा बराच वेळ खाल्ला. खरे खोगीर उसवून पाहण्याचा योग आला, आणि आपली भाषा त्या भरतीवर अन्याय करते आहे असे मला वाटू लागले.

दौंडच्या बाजूला भीमेच्या काठी आमचे जुने घर आहे. त्याचे छप्पर बदलायला काढले तेव्हा माळ्यावरून जे सामान उतरले त्यात एक खोगीर होते. आमची आत्या नव्वदीच्या घरात आहे. तिने ते पाहताच सांगून टाकले, “हे पानिपतावरून आलेलं आहे.” घरात असे काही निघाले की ते पानिपतावरून किंवा रायगडावरून आलेले असते. मधले काही चालत नाही. मी तिच्याशी वाद घातला नाही. खोगिराची अवस्था वाईट होती. वरचे कातडे सुकून तडकले होते, दुमची तुटलेली, एकाच बाजूची रिकीब शिल्लक, तंगाच्या पट्ट्याला कसर लागलेली. आणि उंदरांनी एका कोपऱ्यात भगदाड पाडून आतली भरती बाहेर ओढली होती.

त्या भगदाडातूनच माझी सुरुवात झाली. खाली बसणारा भाग म्हणजे दोन लांबट गाद्या होत्या, मध्ये बोटे आडवी राहतील एवढी पन्हळ. मी एका गादीची शिवण थोडी उसवली. सर्वांत आत लोकर आणि शेळीचे केस, दाबून दाबून नमद्यासारखे घट्ट झालेले. त्यावर कापूस. त्यावर चिंध्या, आणि त्याही एका वेळच्या नव्हेत. जाड हातमागाचे कापड, नऊवारीचा विटका काठ, आणि एका तुकड्यावर गिरणीच्या छापाची निळी कड. तिथेच पानिपत निकालात निघाले. मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली ती १८५४च्या सुमारास. गिरणीचा छाप पोटात असलेले खोगीर भाऊसाहेबांच्या छावणीत असणे शक्य नाही. आत्याला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग मागून भरलं असेल.” थट्टेत घेतलेले हे वाक्य पुढे फार उपयोगी पडले.

कारण ते खरोखरच मागून भरलेले होते, आणि एकदा नव्हे, अनेकदा. एकाच शिवणीवर तीन प्रकारचे दोरे होते: मेण लावलेला जाड दोरा, साधी सुतळी, आणि शेवटचा पांढरा दोरा, ज्याचा टाका गोधडीचा होता. आत्याने तो बोटाने चाचपून सांगितले, “हा बाईमाणसाचा हात.” घरात घोडी होती ती तिच्या आजोबांची, म्हणजे माझ्या पणजोबांची. ते लसटोचणीच्या खात्यात होते. ‘देवीचे डॉक्टर’ म्हणून त्या भागातली गावे घोडीवरून पालथी घालत. पराक्रम म्हणावा असे त्यात काही नाही. पण पावसाळा सोडला तर रोज कोसावर कोस जायचे, तीच घोडी, तेच खोगीर. ही घोडी बसली तर नोकरी बसली.

मला चक्रावून टाकले ते दुसऱ्याच गोष्टीने. दोन्ही गाद्या सारख्या नव्हत्या. उजवी गादी पुढच्या अंगाला चांगली दीड बोट जाड होती आणि तिथल्या चिंध्या सर्वांत नव्या होत्या. मी आपला समज करून घेतला की अडाणी काम आहे, किंवा वापराने डावी बाजू दबली आहे. जनावरांचे डॉक्टर असलेल्या एका स्नेह्यांना दाखवले. हातातली सुई बघून ते घाईने म्हणाले, “सपाट करू नका. हेच तर त्याचं माप आहे.”

घोड्याची पाठ दोन्हीकडे सारखी नसते, हे त्यांनी मला त्या दुपारी शिकवले. माणूस जसा उजखोरा किंवा डावखोरा, तसा घोडाही एका अंगावर जोर देतो. पुष्कळ घोड्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा भरदार असतो. खोगीर दोन्हीकडे अगदी सारखे भरले तर तो मोठा खांदा चालताना त्याला ढकलतो आणि खोगीर हळूहळू उजवीकडे सरकते. स्वार कळत नकळत उलट्या बाजूला झुकून तोल धरतो. मधली पन्हळ कण्यावरून बाजूला जाते, गादीची कड कण्याच्या हाडांवर घासू लागते. चार दिवसांत केस जातात, आठवड्यात कातडी. उपाय म्हणजे बारीक खांद्याच्या मागे जो खोलगट भाग राहतो तिथे भरती वाढवायची. पणजोबांच्या घोडीचा उजवा खांदा बारीक असणार. ती घोडी मरून शंभर वर्षे झाली असतील, तिचे नाव घरात कोणाला माहीत नाही, पण तिच्या खांद्यांतला फरक दीड बोट जाडीच्या चिंध्यांत शिल्लक आहे.

खोगीर बसते की नाही हे पाहायची रीत साधी आहे, तिला डोळे आणि हात लागतात. आधी खाली काहीही न घालता, नुसत्या पाठीवर ते ठेवायचे. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या थोडे पुढे ठेवून मागे सरकवायचे, म्हणजे केस बसतात त्याच दिशेने राहतात. खांद्याच्या फऱ्याच्या मागे ते आपोआप थांबते. फरा मोकळा हवा, कारण पाय पुढे टाकताना फऱ्याचे वरचे टोक मागे येते. मग मागून वाकून पन्हळीतून पाहायचे. पुढून उजेड दिसला पाहिजे. स्वार वर बसल्यावरही पुढच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटे शिरतील एवढी जागा राहिली पाहिजे. नंतर तळहात गादीखाली घालून पुढून मागे न्यायचा. कुठे हात आवळला गेला, कुठे एकदम पोकळ लागले, तर तिथे दोष. शेवटची बरगडी जिथे संपते त्याच्या मागे खोगिराचे ओझे जाता कामा नये. तिथून पुढे कंबर आहे आणि तिला खालून बरगड्यांचा आधार नाही.

खरा निकाल मात्र रपेटीनंतर लागतो, आणि तो घामाने लागतो. तासभर चालून आल्यावर खोगीर उतरवले की पाठीवर गादीच्या आकाराचा ओला ठसा दिसतो. दोन्हीकडे सारखा ओला असेल तर ठीक. पण ओल्या ठशात मधेच एखादा रुपयाएवढा कोरडा डाग दिसला तर समजायचे की तिथे दाब इतका होता की घामही सुटला नाही. नवशिक्याला कोरडी जागा चांगली वाटते. जाणता स्वार तिथेच बोट ठेवून उद्याची जखम दाखवतो. ‘खोगीर’ हा शब्द फारसीतून आला तोच मुळी ‘घाम धरणारे’ या अर्थाने. खोय म्हणजे घाम आणि गीर म्हणजे धरणारा. बसणाऱ्याच्या सोयीचे नाव त्याला दिलेले नाही. संस्कृत पर्याणावरून आलेले ‘पालाण’ आपल्याकडे होतेच, पण घोड्याच्या साजाची बहुतेक नावे फारसी-अरबीतून आली आणि घरची होऊन गेली: जीन, लगाम, रिकीब, नाल, नमदा. त्यातला ‘तंग’ तर पोटाखालचा पट्टा सोडून थेट आपल्या कपड्यांत आणि तंगीत येऊन बसला.

घोड्याच्या पाठीचा प्रश्न जगात सगळीकडे एकच असल्यामुळे त्याची उत्तरेही एकमेकांजवळ येतात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोन हा ग्रीक सेनानी घोडेस्वारीवर लिहिताना सांगतो, की ज्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस वर आलेले आहे आणि कणा मध्ये बुडाला आहे असा घोडा बसायला मऊ. त्या काळी ग्रीकांना खोगीर माहीत नव्हते, म्हणून तो हे स्वाराच्या बाजूने सांगतो. १९०८ साली ब्रिटिश युद्धखात्याने ‘अॅनिमल मॅनेजमेंट’ नावाचे पुस्तक काढले, त्यात घोड्याच्या बाजूने नियम दिले आहेत: पुढचा उंचवटा चिमटला जाऊ नये, कण्यावर दाब नको, फरे मोकळे हवेत, कमरेवर ओझे नको, सगळा भार बरगड्यांवरच्या मांसावर आणि सारखा पसरलेला हवा. नियम वाचताना माझ्या मनात आले की यातला प्रत्येक नियम मांसावर उभा आहे. मग मांसच गेले तर?

इथे आपल्या इतिहासाचा संबंध येतो. मराठ्यांच्या फौजेचे वर्ष पावसाने ठरे. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन. जिंजीला राजाराम महाराजांच्या आश्रयाने लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत हा शिरस्ता सांगितला आहे. लष्कराने आठ महिने परमुलखात राहावे आणि पावसाळ्यासाठी आपल्या मुलखात यावे. तिथे घोड्यांसाठी दाणा, गवत, औषधे, राहायला जागा आधीच तयार ठेवावी. म्हणजे दसऱ्याला जो घोडा बाहेर पडतो तो चार महिने खाऊन-विसावून भरलेला असतो. पाठ गोल, कणा मांसात बुडालेला. खोगीर त्यावर उंच बसते, जरा डुलतेही. मग मजल दरमजल. संक्रांतीपर्यंत मांस उतरते. होळी-पाडव्याच्या सुमाराला, उन्हात वाळलेल्या गवतावर, तोच घोडा पुढच्या उंचवट्याशी हाडकलेला असतो. दोन्ही बाजूंची गादीसारखी मांसपेशी आटली की खोगीर खाली बसते, पुढची कमान उंचवट्यावर टेकते, पन्हळ असून नसल्यासारखी होते. दसऱ्याला बेतशुद्ध बसलेले खोगीर पाडव्याला लागू लागते, नवा जोडा पायाला लागावा तसे. खोगीर बदललेले नसते, पाठ बदललेली असते. अशा वेळी तरणोपाय एकच. उसवा, पुढच्या अंगाला भरती घाला, पुन्हा शिवा. तेवढाही वेळ नसेल तर खालच्या नमद्याची किंवा घोंगडीची घडी पुढच्या बाजूला वाढवा. टाकाऊ म्हणून हिणवली गेलेली चिंधी इथे मोहीम चालू ठेवण्याचे काम करते.

१६७०च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या बाजूला छावणीस असलेल्या पागेच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका यासाठी ते नेहमी सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण मी ते घोड्याच्या पाठीचे पत्र म्हणूनही वाचतो. आता दाणा-गवत मनाला येईल तसे उधळाल तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, हा त्यातला रोख. गवताच्या गंजींपाशी दिवे ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंतचा बारकावा त्यात आहे. राजाला उंदराची काळजी का, तर ती गंजी म्हणजे दसऱ्याच्या घोड्याची पाठ. माझ्या खोगिराचे उंदीर मी तेव्हापासून जरा आदराने घेतो.

सभासद आणखी सांगतो की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद. पाणी आणि नाल या दोन गोष्टींसाठी वेगळा माणूस. खोगिराचा रोजचा बंदोबस्त मात्र, माझ्या समजुतीप्रमाणे, स्वाराच्या आणि मोतद्दाराच्या हातचाच राहिला असणार. कारण घामाचा ठसा पाहायचा तो खोगीर उतरवणाऱ्यानेच. इथे बारगीर आणि शिलेदार हा भेद महत्त्वाचा ठरतो. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा, शिलेदाराचा स्वतःचा. महाराजांनी भर पागेवर ठेवला आणि शिलेदारांनाही पागेच्या हाताखाली आणले; शिस्तीच्या दृष्टीने ते बरोबर होते. पुढे अठराव्या शतकात फौजा फुगल्या तसे शिलेदार वाढले. या शिलेदारांबद्दल युरोपीय निरीक्षकांनी एक तक्रार नोंदवली आहे, की घोडा मेला तर पोट मेले म्हणून हे लोक घोडा धोक्यात घालत नाहीत, ऐन लढाईत हात राखून वागतात. तक्रार खरी असेल. पण जो माणूस घोड्याला तोफेच्या तोंडी द्यायला कचरतो तोच रात्री मुक्कामावर आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, हेही त्याच हिशेबातून येते. आपल्याकडे गनिमी काव्यावर पुष्कळ लिहिले गेले: डोंगर, घाटवाटा, सेनापतींची कल्पकता, हलके सामान. त्या सगळ्या वेगाचा भार शेवटी घोड्याच्या बरगड्यांवरच्या दोन पट्ट्यांवर होता. तो भाग सोलला गेला की सेनापती कितीही कल्पक असो, स्वार पायउतार होतो.

खोगिराची बाजू घेताना त्याचा दोष लपवू नये. नुसत्या भरतीच्या खोगिरात लाकडाचा सांगाडा नसतो. म्हणून ते कोणत्याही पाठीला जमवून घेते, आणि मराठ्यांच्या पागेत पाठींचे प्रकारही काही थोडे नव्हते. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली काटक भीमथडी तट्टे, काठेवाडी, समुद्रमार्गे आलेले आखूड पाठीचे अरबी, आणि लुटीत पाडाव झालेले वाटेल ते. पण हाच मऊपणा नडतोही. सांगाडा नसला की स्वाराचे वजन लांबवर पसरत नाही, बैठकीच्या खालीच साठते. भरती दबून पातळ झाली की वजन सरळ कण्यावर जाते. म्हणजे खोगीर चांगले राहते ते त्याकडे रोज पाहणारा कोणी असेल तोवर. सांगाड्याच्या जिनाचे उलटे. ते वजन लांबवर पसरवते, पण सांगाड्याचा कोन घोड्याच्या पाठीशी जुळला नाही तर कितीही चिंध्या भरा, चार ठिकाणी टोचतेच.

इंग्रजांच्या घोडदळाने सांगाड्याची वाट धरली, कारण त्यांना हजारो खोगिरे एका मापाची हवी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘युनिव्हर्सल पॅटर्न’ म्हणजे सर्वांसाठी एकच नमुना आला. सर्वांसाठी एक नमुना म्हणताच डॉक्टर मंडळी जागी झाली. सैन्यातले पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी १८९१ साली केवळ खोगीर आणि सोललेल्या पाठी या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आठच वर्षांनी बोअर युद्ध सुरू झाले आणि त्यात ब्रिटिशांचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. सगळे काही खोगिराने मेले नाहीत. उपासमार, थकवा, रोग, जहाजातून उतरल्या उतरल्या विश्रांती न देता कामाला जुंपणे, ही मोठी कारणे होती. पण उपासमारीने पाठ आटते आणि आटलेल्या पाठीवर तेच ओझे राहते, ही साखळी स्वतः स्मिथ यांनी त्या युद्धात पाहिली. समोरचे बोअर शेतकरी आपापल्या घरच्या तट्टांवर होते. जरा थांबले की खोगीर उतरवून घोड्याला लोळू द्यायचे, चरू द्यायचे, ही त्यांची सवय. शिलेदाराला ती सांगावी लागली नसती. त्या युद्धात पकडलेले बोअर कैदी पुढे आमच्या जवळच, अहमदनगरला आणून ठेवले होते. पणजोबा तेव्हा घोडीवरून फिरत होते की नव्हते, याचा हिशेब मी उगाचच करून पाहिला.

त्या धड्यानंतर ब्रिटिश खोगिरात सुधारणा होत गेल्या. १९१२च्या नमुन्यात बाजूच्या फळ्या पोलादी कमानींवर हलत्या बसवल्या, म्हणजे पाठ रुंद असो की अरुंद, फळी आपला कोन धरते. लोखंडाला चिंधीचे काम शिकवायला एवढा काळ जावा लागला. गंमत अशी की इंग्रजांच्या हिंदुस्थानी घोडदळात शिलेदारी पद्धत अजून चालू होती. १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या तहानंतर उभ्या राहिलेल्या ‘पूना हॉर्स’सारख्या पलटणीतला स्वार घोडा आणि साज आपल्या खर्चाने आणी, किंवा पलटणीच्या फंडात पैसे भरून घेई. पहिल्या महायुद्धात परदेशी मेलेले घोडे असे फंडातून भरून काढणे अशक्य झाले आणि युद्ध संपल्यावर ही पद्धत बंद झाली. ‘शिलेदार’ आडनावापुरता उरला.

जीनगरांचेही तेच. जीन करणारे म्हणून ज्यांचे नाव, त्या जातीने पेशवाईनंतर मागणी घटताच पुस्तकबांधणी, चित्रकाम, मूर्तिकाम, धातुकाम अशी नाना कसबे उचलली. हे वाचताना मला आधी हळहळ वाटली. मग जाणवले की कातडे, कापड, लाकूड, धातू, रंग या सगळ्यांवर हात असल्याशिवाय जीन होतच नाही. त्यांनी नवे काही उचलले असे नाही, जुने काम तुकड्यांत विकले. माझ्याकडच्या पोथ्यांतल्या एखादीची बांधणी अशाच हाताची असेल.

खोगीर आपल्याकडे पडून राहण्यापेक्षा संग्रहालयात जावे म्हणून मी एका संस्थेत ते घेऊन गेलो. तिथल्या गृहस्थांनी आस्थेने पाहिले. नोंद केली: ‘खोगीर, जुने, भरती खराब.’ मग म्हणाले, “ठेवून घेऊ. आतलं सगळं काढून फोम भरतो, दोन्ही बाजू नीट सारख्या करतो. काचेत छान दिसेल.” त्यांचा हेतू चांगला होता. मी त्यांना उजव्या खांद्याची गोष्ट सांगायला लागलो, आणि मध्येच लक्षात आले की माझ्या बोलण्यात चिंध्यांना ज्या जिव्हाळ्याने जागा मिळत होती ती त्यांना विनोदी वाटत होती. मी खोगीर परत आणले. आत्या म्हणाली, “पानिपताचं म्हणून दिलं असतंस तर तसंच ठेवलं असतं.” यावर मला उत्तर सुचले नाही.

त्या वर्षी दत्तजयंतीला मी सारंगखेड्याला गेलो. तापीच्या काठी एकमुखी दत्ताची ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी नावाजलेली. खोगीर जीपच्या मागे टाकून नेले होते. बाजारात गिऱ्हाईक दात पाहते, चाल पाहते, भोवरे पाहते. पण जाणती माणसे आधी पाठीवर येतात. तळवा टेकवून, मानेच्या मुळापासून कमरेपर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी सावकाश. घोड्याने कातडी थरथरवली किंवा पाठ खाली घातली की हात तिथे थांबतो. पुढच्या उंचवट्याशी, गडद अंगावर, पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले की किंमत उतरते. खोगीर खोल लागले की तिथल्या कातडीचा रंग जातो आणि जखम भरल्यावरही केस पांढरे येतात. ते जन्मभर तसेच राहतात. एका देखण्या काळ्या घोड्याच्या उंचवट्यावर असे दोन ठिपके होते. मालक म्हणाला, जन्मखूण आहे. शेजारचा म्हातारा माझ्याकडे पाहून नुसता हसला.

त्या म्हाताऱ्याला मी खोगीर दाखवले. उभा जन्म घोड्यांत गेलेला माणूस, पण असले खोगीर त्याच्याही हाताखालून फार वर्षांत गेले नव्हते. त्याने ते उलटे करून मांडीवर घेतले, दोन्ही गाद्यांवर एकदम दोन तळहात ठेवले आणि डोळे मिटून पुढून मागे नेले. उजव्या गादीच्या पुढच्या टोकाशी थांबला. तिथे दोन-तीनदा दाबून पाहिले. मग पन्हळीत बोटे घालून, गोधडीच्या टाक्यावरून अंगठा फिरवला.

“घोडी होती ना?” त्याने विचारले.

मी हो म्हणालो. कशावरून ओळखले ते विचारले, तर त्याने मागच्या बाजूच्या रुंदीकडे बोट दाखवले आणि मला न समजलेले काहीतरी सांगितले. मग म्हणाला, “उजवीकडनं बारीक होती. आणि शेवटी शेवटी फार उतरली होती. ही वरची भरती बघा, घाईत घातलीय. पण बेतानं घातलीय.”

त्याने उंदरांच्या भगदाडातून बाहेर आलेला नऊवारीचा काठ बोटाने आत ढकलला, माझ्याकडे सुईदोरा मागितला. माझ्याकडे नव्हता. त्याने पलीकडच्या झुली विकणाऱ्या बाईकडून आणवला आणि ते भगदाड तिथेच बसून शिवून दिले.